एम.टेक. की एमबीए? कुपवाडहून आलेल्या पत्राला उत्तर

पत्र :

आदरणीय ताई, मी मूळचा तासगाव तालुक्यातला. सांगलीत मेकॅनिकलची डिग्री केली आणि गेली दोन वर्षं कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. वय २५. हातात २७ हजार येतात. घरी अडीच एकर द्राक्षबाग आहे, तिच्यावर सोसायटीचं कर्ज आहे. कॉलेजातले सर म्हणतात, गेटची प्रवेश परीक्षा दे, एम.टेक. कर. पुण्यातला मित्र एमबीए करून माझ्या तिप्पट पगार घेतो. तो म्हणतो, एम.टेक. करून काय मास्तर व्हायचंय का? आई म्हणते, काय शिकायचं ते एकदाच शीक, मग लग्नाचं बघू.

आमच्याकडे कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात, ब्लो होल (वायूने पडलेली छिद्रं) फार येत होते. मी तीन महिने वहीत नोंदी ठेवल्या. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला रिजेक्शन हमखास वाढायचं. सँड प्लांटवरचे मामा मूठ दाबून सँड (साच्याची वाळू) बघतात आणि पाणी घालतात. चालू दिवसांत परत आलेली सँड गरम असते, त्यामुळे थोडं पाणी उडून जातं. सुट्टीनंतर ती गार असते, पण पाणी तेवढंच पडतं. मामांना मॉइश्चरचे आकडे दाखवले, त्यांनी पाणी कमी केलं. रिजेक्शन ११ टक्क्यांवरून ७ वर आलं. पण कोअरच्या (पोकळीसाठी साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्याच्या) बाजूची होल्स तशीच आहेत, ती का येतात ते अजून कळलेलं नाही. साहेब म्हणाले, छान, आता डिस्पॅच बघ. ताई, मी काय करू?

– एक इंजिनिअर, कुपवाड

उत्तर :

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. एमबीएबद्दल तू एकच गोष्ट लिहिली आहेस, मित्राचा पगार. एम.टेक.बद्दलही सरांचं एक वाक्य, बस्स. निम्मं पत्र सँडवर आहे. सल्ला मागायला बसलेला माणूस मध्येच ब्लो होलचं कारण सांगत सुटतो, आणि ते सांगून झाल्यावरही कोअरच्या बाजूच्या होल्सशी अडून बसतो, तेव्हा त्याचा जीव कशात आहे हे मला वेगळं विचारावं लागत नाही.

तेव्हा आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला राहायला नको. तू गेट दे आणि चांगल्या संस्थेत एम.टेक. कर. एमबीएचं दार बंद होत नाही. आज मात्र त्या दाराशी जाऊ नकोस.

हे मी प्रत्येकाला सांगत नाही. मागच्या वर्षी कराडहून एका मुलीचं पत्र आलं होतं. तीही मेकॅनिकलचीच, एका कारखान्यात परचेसला होती. तिच्या पत्रात मशीनचा उल्लेख नावालाही नव्हता. कुठला सप्लायर महिनाअखेरीला माल का अडवतो, ट्रक निम्मा रिकामा का जातो, दोन खात्यांच्या भांडणात एक नट-बोल्टची ऑर्डर आठ दिवस कशी अडकली, असं सगळं तिने इतकं रंगवून लिहिलं होतं की वाचताना तो कारखाना समोर उभा राहिला. तिला मी डोळे झाकून एमबीए सांगितलं, तेही ऑपरेशन्समधलं. तिची अडचण माणसांच्या आणि पैशांच्या हिशेबातली होती आणि तिला त्यातच गोडी होती. तुझी अडचण धातूच्या आणि वाळूच्या आत आहे.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवातलं सांगते. हे लिहिताना अजूनही जड जातं.

डिग्रीनंतर वर्षभरातच मी मॅनेजमेंटला गेले. घरी सगळ्यांना तेच बरं वाटत होतं, मलाही वाटलं. अठ्ठाविसाव्या वर्षी साताऱ्यात एका कारखान्यात प्लॅनिंगची जबाबदारी आली. कंपनीचं नाव लिहीत नाही. शाफ्टची मोठी ऑर्डर होती आणि भट्ट्या कमी पडत होत्या. मी शेड्यूल बसवलं : संध्याकाळपर्यंत हार्डनिंग (तापवून तेलात विझवणं), आणि टेंपरिंगची (पुन्हा बेताने तापवण्याची) भट्टी रात्री दुसऱ्या मालाला देऊन आपले शाफ्ट सकाळी टेंपरिंगला. कागदावर मशीनचे तास अगदी नीट बसले. भट्टीवरच्या काकांनी मला दारातच अडवलं. "मॅडम, माल पार गार व्हायच्या आत टेंपरिंगला घालू द्या. रात्रभर असा ठेवला तर तडकतोय." मी त्यांना विचारलं, असं कुठे लिहिलंय? ते म्हणाले, लिहिलेलं न्हाई, पण तडकतोय. मी शेड्यूल बदललं नाही.

सकाळी शाफ्ट रांगेत मांडून ठेवले होते. बाहेरून काही दिसत नव्हतं. इन्स्पेक्शनच्या पोराने किल्लीच्या खाचेपाशी बोट ठेवलं, तिथे केसाएवढी रेघ होती. मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. तेलात विझवलेल्या पोलादाच्या आत ताण कोंडलेला असतो. टेंपरिंगने तो सुटतो. टेंपरिंग लांबलं तर ताण स्वतःच वाट काढतो, आणि खाचेचा कोपरा ही त्याची सोपी वाट असते. हे मी डिग्रीला शिकले होते. परीक्षेत लिहिलंही असेल. पण ते माझ्या अंगात उतरलेलं नव्हतं, त्यामुळे काकांच्या एका वाक्यामागे अख्खं धातुशास्त्र उभं आहे, हे मला ऐकू आलं नाही.

मॅनेजमेंटचं शिक्षण वाईट होतं असं मी म्हणत नाही. त्याने मला पुढे खूप दिलं. पण ते मी जरा लवकर घेतलं. तू मामांच्या मुठीवर विश्वास ठेवलास आणि शेजारी आकडाही मोजलास. पंचविसाव्या वर्षी हे ज्याला जमतं, त्याने त्या विषयाच्या तळापर्यंत एकदा जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं कारण वेळेचं आहे, आणि ते तुझ्या मित्राने तुला सांगितलेलं नाही. मॅनेजमेंटचे काही चांगले कोर्स मुद्दाम अनुभवी माणसांसाठीच असतात. आयआयएम अहमदाबादच्या एक वर्षाच्या कोर्सला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे तिशीच्या आसपास तुझी किंमत तिथे वाढलेली असेल. एम.टेक.चं तसं नाही. कायद्याने वयाची अडचण नाही, पण तिशीनंतर लग्न, घर, बागेची जबाबदारी आणि हातातला पगार सोडून दोन वर्षं हॉस्टेलला जाणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. गणितही गंजतं. तू आता डिग्रीपासून दोनच वर्षं लांब आहेस. अजून इंटिग्रेशन आठवत असेल.

आता पैशाचं. तुझ्या घरी सोसायटीचं कर्ज आहे, म्हणून हे नीट लिहिते.

जुन्या आयआयएममध्ये दोन वर्षांची फी आज २० लाखांच्या वर आहे. समजा २० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी काढलंस, तर महिन्याचा हप्ता साधारण २६,४०० रुपये बसतो. शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही, ते वेगळं चढतं. म्हणजे तुझा आजचा अख्खा पगार. आयआयएमची मोठी नोकरी लागली तर हा हप्ता जड जात नाही, हे खरं. पण प्रत्येकाला आयआयएमच्या कॅट परीक्षेत तेवढे गुण पडत नाहीत, आणि मधल्या फळीतल्या एखाद्या कॉलेजात १२-१५ लाख भरून पुन्हा प्रॉडक्शनच्याच नोकरीवर आलेली मुलं मला दरवर्षी पत्रं लिहितात. राज्याच्या सीईटीतून मुंबईच्या जमनालाल बजाजसारखी संस्था मिळाली तर खर्चाचं गणित बदलतं. पण तिथे पोचायला सीईटीत अगदी वरच्या थरात यावं लागतं.

गेटने एम.टेक.ला प्रवेश घेतलास तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. त्याबदल्यात आठवड्याला आठ तास प्रयोगशाळेत किंवा शिकवण्याच्या कामात मदत करायची. दोन वर्षांचे २ लाख ९७ हजार होतात. त्यात मेस आणि हॉस्टेल निघतं. बाबांच्या डोक्यावर सहसा मोठं नवं कर्ज चढत नाही. मात्र दोन वर्षांचा पगार बुडतो, तो साडेसहा लाखांच्या घरात जातो. एमबीए केलंस तरी तो बुडणारच आहे, त्यामुळे तुलनेत तो दोन्हीकडे सारखाच.

मित्राच्या तिप्पट पगाराबद्दल एक खरं सांगते. एम.टेक.नंतरच्या पहिल्या नोकरीत तुझा आकडा त्याच्यापेक्षा कमीच दिसेल. कॉम्प्युटरवाल्यांचं वेगळं आहे. मॅन्युफॅक्चरिंग आणि धातूच्या शाखांत सुरुवात शांत होते. गावच्या जत्रेत कोणी पगार विचारला तर तुला दोन वर्षं थोडं अवघडल्यासारखं होईल. ते सोसायची तयारी ठेव. आणि कुठलंही कॉलेज, एमबीएचं असो की एम.टेक.चं, 'हायेस्ट पॅकेज' सांगायला लागलं की तिथे मधल्या मुलाला काय मिळालं ते विचार. शंभरातल्या पन्नासाव्याला. त्याचं उत्तर आलं नाही तर पुढच्या कॉलेजकडे जा.

'मास्तर व्हायचंय का' हे वाक्य मात्र मला लागलं. तुझे सर मास्तर आहेत आणि त्यांनीच तुला योग्य रस्ता दाखवला. पण मित्राच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे, तो टाकून देऊ नकोस. कुठल्याही कॉलेजात एम.टेक. केलं की ते फळतं असं नाही. जिथे प्रयोगशाळेतलं मशीन कपड्याखाली झाकून ठेवलेलं असतं आणि डेझर्टेशन (शोधप्रबंध) मागच्या बॅचचं बघून लिहिलं जातं, तिथून बाहेर पडलेल्याला शिकवण्याशिवाय फार दारं उघडत नाहीत. इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला मास्टर्स लागतंच, म्हणून अनेक जण फक्त त्यासाठी करतात. तू त्यासाठी करत नाहीस. म्हणून माझी अट पक्की आहे : आयआयटी, एनआयटी, नागपूरचं व्हीएनआयटी, पुण्याचं सीओईपी, या थरातली संस्था मिळाली तरच जा. रांचीला १९६६ साली फाउंड्री आणि फोर्ज याच विषयांसाठी सुरू झालेली संस्था आहे, तिचं आजचं नाव एनआयएएमटी. नाव ऐकून लांब वाटेल, पण तुझ्या ब्लो होलचं बोलणं जिथे सगळ्यांना कळेल अशी ती जागा आहे. यादी करताना ती विसरू नकोस.

प्रवेश घेण्याआधी त्या विभागातल्या प्राध्यापकांची पानं वाच. त्यांनी गेल्या पाच वर्षांत कशावर काम केलं ते बघ. सॉलिडिफिकेशन, कास्टिंग सिम्युलेशन, सँडचे गुणधर्म यांतलं काहीतरी दिसलं की त्यांना तुझ्या वहीबद्दल मेल कर. एम.टेक.चं पहिलं वर्ष विषयांत जातं, दुसरं डेझर्टेशनमध्ये, आणि डेझर्टेशनला स्वतःचा प्रश्न घेऊन येणारा विद्यार्थी प्राध्यापकांना क्वचित भेटतो. तुझ्याकडे तो आत्ताच आहे.

मधली वाटही एक आहे. आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्च हा विषय गेटवर मिळतो. बेंगळुरूच्या आयआयएससीत इंजिनिअरांसाठी मॅनेजमेंटचा मास्टर्स आहे. मुंबईचं जुनं नीटी २०२३ पासून आयआयएम मुंबई झालंय आणि ऑपरेशन्ससाठी त्याचं नाव आहे. कराडच्या त्या मुलीला मी हे तिन्ही सांगितलं होतं. तुला फक्त माहिती असावी म्हणून सांगितलं.

गेटचं तुला सर सांगतीलच, मी दोन गोष्टी घालते. परीक्षा तीन तासांची, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यात १५ गुण सामान्य बुद्धिमत्तेचे. ते १५ आणि गणिताचे गुण ही तुझ्यासारख्या नोकरी करणाऱ्याची हक्काची मिळकत, त्यांना आधी हात घाल. एकच पर्याय निवडायच्या प्रश्नांत चुकलं तर गुण कापतात, पण जिथे उत्तराचा आकडा स्वतः टाइप करायचा असतो तिथे कापत नाहीत, त्यामुळे तसला एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचा असतो, माउसने दाबायचा. घरी खिशातल्या कॅल्क्युलेटरवर सराव केलेली हुशार मुलं तिथे वेळ घालवतात. पहिल्या दिवसापासून स्क्रीनवरच कर.

नोकरी सोडून क्लासला पुण्यात खोली घेऊ नकोस. फाउंड्रीत राहा. परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, कॅटचा एकच वर्ष. म्हणजे या वर्षी चांगला स्कोअर आला आणि बागेवर काही संकट आलं, अवकाळी पावसाने दावण्या रोग पसरला, घड कुजले, तर पुढच्या वर्षी त्याच स्कोअरवर जाता येतं. काही सरकारी कंपन्याही गेटच्या गुणांवर नोकरीला बोलावतात, तेही डोळ्यांपुढे ठेव. आणि दोन प्रयत्नांत मी सांगितलेल्या थरातली संस्था मिळाली नाही, तर हट्ट करू नकोस. नोकरी करता करता करायचे एम.टेक. आहेत, बिट्स पिलानीचा तसा कार्यक्रम बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. त्या परिस्थितीत मला पुन्हा लिही, तेव्हा कदाचित मी वेगळं सांगेन.

घरी कसं सांगायचं, हा खरा पेच असेल. आईचं म्हणणं मला समजतं. 'एकदाच शीक' यामागे भीती आहे की पोरगं शिकतच राहील आणि संसार लांबेल. आईला तारीख सांग. या वर्षी परीक्षा, त्यानंतर दोन वर्षं, अठ्ठाविसाव्या वर्षी नोकरीवर. तारीख मिळाली की आया शांत होतात, हे मी माझ्या घरात पाहिलंय.

बाबांना समजावणं सोपं जाईल. त्यांनी बाग लावताना आधी डॉगरीजचा खुंट लावला असेल, त्याची मुळी धरू दिली असेल, आणि मग त्यावर थॉमसनची नाहीतर तुमच्याच तालुक्यात निघालेल्या तास-ए-गणेशची काडी कलम म्हणून भरली असेल. खुंटाला द्राक्षं लागत नाहीत म्हणून कोणी तो वगळत नाही. तुमच्या रानात पाणी कमी, जमिनीत क्षार, तिथे तो खुंटच वेल जगवतो. त्यांना सांग, मी आधी खुंट लावतोय, काडी चार-पाच वर्षांनी भरीन. ते पुढचं स्वतःच बोलतील.

तुमच्या जिल्ह्यातच याचं मोठं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभारला, ती आजची किर्लोस्करवाडी. त्याआधी त्यांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी म्हणायचे, लोखंडाने जमिनीत विष पसरेल. पहिले नांगर विकायला फार दिवस लागले. माणसांची समजूत काढणं, पैसा उभा करणं, गाव वसवणं हे सगळं त्यांनी केलं, पण आधी नांगराचा फाळ चांगला ओतता यावा लागला. ते मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, हेही तुझ्या मित्राला जाता जाता सांग.

साहेब 'आता डिस्पॅच बघ' म्हणाले याचा राग धरू नकोस. महिनाभर डिस्पॅच मन लावून बघ. कुठला माल कुठल्या गिऱ्हाइकाकडून परत येतो ते तुला तिथेच दिसेल, आणि परत आलेल्या मालात कोअरच्या बाजूची होल्स किती, ते मोजायची संधी मिळेल. मामांना सोडू नकोस.

आणि एक काम माझ्यासाठी कर. त्या वहीची दोन पानं फोटो काढून पाठव, शक्यतो जुलै-ऑगस्टची, हवा दमट असतानाची. कोअर भरल्यापासून मोल्डमध्ये बसेपर्यंत किती तास बाहेर पडून राहतात, हे तुझ्या पत्रात नाही. ते मोजलं आहेस का?

– ताई